ते रबर कोणी लावलं

दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ते बंद केल्यावर या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं. पहिल्या वर्षी मी क्रिकेटच्या बॅटला तेल कसं पाजतात ते लिहिलं. दुसऱ्या वर्षी कॅरम बोर्डावर लिहिलं. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "टेबल टेनिसवर लिहा ना, तुमच्या दुकानाचं नाव तर त्यासाठीच होतं." मी म्हटलं, आता फारसं आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या. दरवर्षी मी काहीतरी कारण काढत आलो. यंदा कारण सापडलं नाही, आणि ज्याच्यामुळे टाळत होतो तो माणूसही आता राहिला नाही.

आधी कामाबद्दल सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं टेबल टेनिसची बॅट दुकानातून तयार मिळते. शाळेच्या पोरांची तशी मिळते. जो खरा खेळतो तो लाकडाची फळी वेगळी घेतो आणि दोन बाजूंची रबरं वेगळी घेतो, एक लाल, एक काळं. रबराखाली स्पंजचा थर असतो. ही रबरं फळीवर चिकटवून, कडेने फळीच्या आकारात कापून देणं हे दुकानदाराचं काम. पाहणाऱ्याला वाटतं, वहीला कव्हर घालण्यासारखं आहे. पण फळीवर आणि स्पंजवर दोन्हीकडे चिकटवणीचा पातळ, सारखा हात द्यावा लागतो. मग थांबावं लागतं. ते पूर्ण सुकलं, की मुठीकडून वर असं रबर टेकवत न्यायचं आणि वरून लाटणं फिरवायचं. आत हवा राहिली किंवा ओल राहिली तर फुगा येतो, आणि फुग्यावर पडलेला चेंडू कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. सगळं कसब त्या थांबण्यात आहे. किती थांबायचं?

मी घड्याळ लावून बारा मिनिटं थांबत असे.

चिकटवणीबद्दलही खरं सांगून टाकतो. माझ्या काउंटरवर परदेशी अक्षरांचा एक डबा असे. त्यात सायकलच्या पंक्चरचं सुलेशन असे. मूळ डबा नागपूरहून आणला होता, तो कधीच संपला होता. सुलेशन वाईट नव्हतं, उलट त्याने बॅटला उसळी चांगली येई. पण गिऱ्हाइकाला डबा बघायला आवडे.

गिऱ्हाइकंही नमुनेदार. एका व्यापाऱ्याला दोन्ही बाजूंना लालच रबर हवं होतं, काळं त्याला अशुभ वाटे. नियमात बसत नाही म्हटलं तर म्हणाला, "नियम माह्या घरी कोण पाहाले येते?" फुलसावंगीचे एक गुरुजी बॅट टॉवेलात गुंडाळून, वर टोपडं घातल्यासारखी घडी करून एसटीने आणायचे. शेजारी बसलेल्या बाईने एकदा विचारलं म्हणे, "किती महिन्याचं हाये?"

आमच्या घरात सगळे कचेरीतले. आजोबा कारकून, वडील कारकून, थोरला भाऊ ट्रेझरीत. मी दुकान टाकलं तेव्हा वडील म्हणाले होते, "चेंडू विकणार का आता?" त्यामुळे मला या कामाचा जरा जास्तच अभिमान होता. गावात रबर लावणारा मी एकटा होतो. कोणाशी तुलना नव्हती, म्हणून मी उत्तम होतो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव कशासाठी छापून येत होतं ते सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. दुकानापुरतं सांगतो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मालकांनी स्वतःच्या मुलांसाठी टेबल टेनिसचा जो क्लब चालवला होता, तो बंद पडला. शाळांची मागणी थांबली. नवीन रबर कोणी घेईना. आहे तेच जुनं रबर सोलून, साफ करून, पुन्हा लावून द्या म्हणत. विक्री गेली आणि चिकटवणं उरलं. माझ्या दुकानाचं सगळं बळ त्या एका कामावर आलं. तेव्हाच हिरामण राठोड माझ्याकडे आला.

हिरामण जवळच्या बंजारा तांड्यातला. घरी गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, हिशेबाला हिंदी. जिनिंगमध्ये तो पारखी होता. गाडी आली की कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढायचा, दाबायचा, सोडायचा, आतली एक सरकी दाताखाली धरायचा. कट्ट वाजली तर माल कोरडा. नाही वाजली तर ओल आहे, मग गाडीवाला कितीही शपथा घेवो. क्लबातल्या टेबलाची देखभालही त्याच्याकडे होती, तिथे मालकांच्या पोरांच्या बॅटी बघून बघून त्याला समज आली होती. जिनिंगला कुलूप लागल्यावर तो माझ्या दुकानी येऊन उभा राहिला.

"साहेब, रबराचं काम करू काय? मले येते."

"येतं म्हणजे कुठे शिकलास?"

"शिकलो नाई. पाह्यलं."

मी त्याला एक जुनी बॅट दिली आणि डबा पुढे केला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. "हे तं सायकलीचं हाये," एवढंच म्हणाला, तेही हळू. ही गोष्ट त्याने पुढे कधी कोणाला सांगितली नाही.

सुलेशन लावून झाल्यावर मी सवयीने घड्याळाकडे बघितलं. त्याने बघितलं नाही. थोड्या वेळाने बोटाची पाठ, नखाच्या वरचा भाग, रबराला अलगद लावली. "नाई अजून." परत थोड्या वेळाने. "नाई." मग एकदम, "हं, आता." मे महिन्यात त्याचं "आता" पाच मिनिटांत यायचं, पावसाळ्यात पंचवीस. कधी वीस. मी विचारलं, "कसं कळतं रे?" तो म्हणाला, "कापसाची ओल समजते तशी हेबी समजते, साहेब. काय सांगू तुमाले?" त्याला खरोखरच सांगता येत नव्हतं. मला मात्र वाटलं, लपवतोय.

कडा तो पात्याने एका झटक्यात कापायचा, मुठीपासून निघून गोल फिरून परत मुठीशी. मी कात्रीने कापत असे. मग चेंडू घेऊन बॅटभर टक-टक वाजवून ऐकायचा, मान तिरपी करून.

सहा महिन्यांत दुकानात एक वाक्य ऐकू येऊ लागलं. गिऱ्हाईक पायरीवरूनच आत डोकावून विचारायचं, "हिरामणभाऊ हायेत काय?" मी म्हणायचो, "जेवायला गेलाय, द्या ना इकडे." त्यावर, "नाई, राहू द्या, मग येतो." दुकान माझं, पाटी माझी, डबा माझा. मी काउंटरमागे उभा, आणि लोक माझ्या खांद्यावरून मागे बघायचे.

मत्सर काय असतो ते मला त्या वर्षांत नीट कळलं. हिरामण सुट्टीवर असला की मी मुद्दाम त्याचं काम उघडून बघायचो, कुठे चूक दिसते का. दिसायची नाही. मग त्या दिवशी मी घरी जेवताना चिडलेला असायचो. बायको एकदा म्हणाली, "हिरामण आला की तुमच्या दुकानात हसणं ऐकू येतं हो, नाहीतर नुसती घड्याळाची टिकटिक." ती सहज म्हणाली असेल. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. बाहेर मी सांगायला लागलो होतो, "मीच तयार केला त्याला. हात धरून शिकवलं." लोक मान डोलवायचे. हिरामणच्या कानावरही गेलं असणार.

वैशाली ही एसटीतले कंडक्टर गजाननराव यांची मुलगी. कॉलेजात होती, आणि आमच्या भागात तिच्यासारखा हात मी दुसरा बघितला नाही. तिची बॅट हिरामणच लावायचा. तिला तो "वैशूबाई" म्हणायचा, ती त्याला "हिरामणकाका". त्या पावसाळ्यात यवतमाळला विभागाच्या संघाची निवड होती. संघात आली असती तर पुढे खेळाडूंच्या राखीव जागेवर कुठे नोकरी लागेल, अशी गजाननरावांना आशा होती. त्यांनी ती मला बसच्या दाराजवळ उभं राहून तीनदा सांगितली होती.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दुकानी आली. बाहेर झड लागली होती, भिंतीसुद्धा ओल्या वाटत होत्या.

"हिरामणकाका?"

"तांड्यात तिजेचा सण आहे ना त्यांचा. संध्याकाळी येतो म्हणाला आहे."

"मग ठेवून जाते. काळं रबर सुटून राह्यलं कोपऱ्यातून. त्यांनाच लावायला सांगा, काका. दुसऱ्या कोणी नको. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी नेते."

"दुसऱ्या कोणी." दुकानात त्या वेळी दुसरा कोण होता? मी एकटाच.

ती गेल्यावर मी बॅट समोर ठेवून बसलो. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो. मनात आलं, हे रबर मी लावतो. तिला कळणारसुद्धा नाही. ती जिंकून येईल, गावात पेढे वाटले जातील, आणि मग चार लोकांत मी सहज म्हणेन, ते रबर हिरामणचं नव्हतं बरं का. सगळ्यांचे चेहरे मी तिथल्या तिथे बघूनही घेतले. हिरामणचासुद्धा.

मी रबर सोललं, फळी पुसली, सुलेशन लावलं. बारा मिनिटं थांबलो. बोट लावून बघावं असं एकदा वाटलं, पण ती त्याची रीत होती, म्हणून नाही लावलं. इतक्या खालच्या पातळीला मी त्या दिवशी गेलो होतो. रबर टेकवलं, लाटलं, कात्रीने कापलं आणि बॅट काउंटरच्या खणात ठेवून दिली.

दिवेलागणीला हिरामण आला. नाल्याला पाणी होतं, गाडी बंद होती, म्हणून तो अर्धी वाट चालत आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. कपाळावर तिजेचा कुंकवाचा टिळा ओघळला होता. पायरीवर उभा राहूनच त्याने विचारलं, "वैशूबाईची बॅट आलती काय साहेब? काळं रबर सुटेन असं वाटूनच राह्यलं होतं मले."

बॅट माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या खणात होती.

"नाही आली," मी म्हणालो. "चाललं असेल तिचं तेवढ्यावर."

"नाई आली?" त्याने धोतराचा चिखल झटकला. "मंग बरं. मी उगीच भिजलो." असं म्हणून हसला आणि परत गेला.

तेव्हा खण उघडला असता तर त्याने बोट लावून सांगितलं असतं. रबर काढून परत लावायला त्याला तासभर लागला असता. मी हे इतक्या वेळा मनात केलं आहे की कधी कधी वाटतं, मी खण उघडला होता.

सकाळी वैशाली आली. कव्हर काढून बॅट हातात घेतली, दोनदा फिरवली.

"हिरामणकाकांनीच लावली ना?"

"हो."

"जरा जड वाटते."

"नवीन लावल्यावर वाटते तशी. जा, गाडी चुकेल."

पुढचं मला गजाननरावांकडून कळलं. दुपारी हॉलमध्ये उकाडा होता. सामन्याआधी दोन्ही खेळाडू एकमेकांची बॅट हातात घेऊन बघतात, अशी पद्धत आहे. समोरच्या मुलीने काळ्या बाजूवर बोट फिरवलं आणि पंचांना दाखवलं. मधोमध रुपयाएवढा फुगा आला होता, आणि शेजारी दुसरा उठत होता. आत कोंडलेली ओल वर आली होती. पंच म्हणाले, ही चालणार नाही. ती कोणाची तरी मागून घेतलेली बॅट घेऊन खेळली, आणि पहिल्याच फेरीत हरली.

तिसऱ्या दिवशी बापलेक दुकानात आले. हिरामण मागे बसून एक कॅरम घासत होता. गजाननरावांनी बॅट काउंटरवर ठेवली, माझ्यापुढे नाही, हिरामणपुढे सरकवली.

"हिरामण, तुह्या हातावर पाठवलं होतं म्या पोरीले. काहून असं केलं तुनं?"

हिरामण हात पुसत उठला. बॅट उचलली, फुग्यावरून बोट फिरवलं. मग कडा डोळ्यांजवळ नेली. कात्रीने कापलं की कडेला बारीक दाते राहतात, ते गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. त्याला दिसले. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काचेचं कपाट पुसत होतो. स्वच्छ काच पुसत होतो.

वैशाली म्हणाली, "हिरामणकाका, तुम्ही घाई केली का हो? तीज होती म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने बॅट काउंटरवर ठेवली. मला वाटलं, आता बोलतो. मी काय उत्तर देणार तेही मी तयार केलं होतं, इतका मी तयारीचा होतो. तो म्हणाला, "चुकलं बाई माह्यं. ओल राह्यली आतमंदी. मले समजाले पाहिजे होतं."

आणि मी, हे लिहायला सर्वांत जड जातं आहे, मी मधे पडून म्हणालो, "जाऊ द्या गजाननराव, होतं कधी कधी. माणूसच आहे."

म्हणजे त्याला माफी मी दिली.

ते गेल्यावर तो परत कॅरमपाशी जाऊन बसला. बराच वेळ घासत राहिला. निघताना पायरीवरून वळून एकच वाक्य बोलला, "साहेब, कैचीनं नका कापत जाऊ. दाते पडतात." माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात मला मिळालेला तो एकमेव खरा सल्ला.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या महिन्यात "हिरामणभाऊ हायेत काय" हे वाक्य बंद झालं. लोक बॅट माझ्या हातात देऊ लागले. मला शरम वाटली असं लिहायला आवडलं असतं. शरम नंतर आली. त्या महिन्यात मला बरं वाटलं. मी गल्ल्यावर बसून शीळ घालायचो.

दिवाळीच्या सुमारास केळापूरकडच्या एका जिनिंगचा हंगाम सुरू झाला, आणि तो तिकडे कापूस मशीनमध्ये घालणारा मजूर म्हणून गेला. पारखी म्हणून नाही. पारख्याची जागा नव्हती. जाताना त्याने माझे पाय धरले, रीत म्हणून. मी "अरे अरे" म्हणालो.

त्याच्यानंतर दुकानाचं काम हळूहळू बिघडत गेलं. मी पात्याने कापायला शिकलो, पण बोटाची पाठ मला कधी काही बोलली नाही. लोक म्हणत, पूर्वी तुमच्याकडे काय काम व्हायचं! मी म्हणायचो, हो.

वैशालीने त्या वर्षी खेळ सोडला. पुढे पुसदला शिक्षिका झाली. मधे एकदा दिग्रसच्या बाजारात मी तिला दुरून बघितलं. हिरामण हंगाम संपवून आला होता, भाजी घेत होता. तिने त्याला बघितलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन दुसऱ्या गल्लीत वळली. त्यालाही ते दिसलं. तो वांगी निवडत राहिला. वैशाली, हा अंक तुझ्या शाळेत येतो असं मला कळलं आहे. ज्याच्यावर तू रुसलीस त्याने तुझी बॅट त्या दिवशी बघितलीसुद्धा नव्हती. त्या बॅटसाठी तो नाल्यातून चालत आला होता, आणि मी त्याला खोटं सांगून परत पाठवलं होतं.

दुकान बंद केल्यावर एका उन्हाळ्यात मी त्याच्या तांड्यात गेलो. काय बोलायचं ते एसटीत बसून तीनदा म्हणून बघितलं होतं. तो लिंबाखाली खाटेवर होता, बारीक झालेला. मला बघून उठायला लागला. मी बसवलं. त्याच्या घरच्यांनी चहा केला, शेजारची माणसं जमली, तांड्याचे प्रमुख, नाईक, आले. कोणीतरी विचारलं, हे कोण. हिरामणने माझा हात हातात धरला आणि सगळ्यांना गोरबोलीत काहीतरी सांगितलं. मग माझ्यासाठी मराठीत परत सांगितलं, "म्या सांगतलं त्यायले, हे माहे गुरू हायेत. रबराचं काम म्या यायच्याच हाताखाली शिकलो."

नाईकांनी मला नमस्कार केला. एका म्हातारीने माझ्या हातात नारळ दिला.

तो टोमणा होता की त्याला खरंच तसं म्हणायचं होतं, ते मी त्याच्या तोंडाकडे बघून शोधत होतो. तिथेही मला त्याचा हेवाच वाटला, की याला हे इतकं सहज बोलता येतं. आता एवढ्या लोकांत मी तोंड उघडलं तर तोच खोटा ठरेल, असं मी स्वतःला समजावलं. सोयीचं कारण होतं. लोक पांगले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, काही काम होतं काय? एवढ्या उन्हाचे आले."

मी म्हणालो, "काही नाही रे. इकडून चाललो होतो."

त्या रस्त्याने पुढे कुठेच जाता येत नाही. रस्ता तांड्यातच संपतो. हे त्यालाही माहीत होतं. तो "बरं" म्हणाला आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. आम्ही दोघं फाट्यावर दगडावर बसून होतो, गाडी येईपर्यंत, अर्धा तास तरी. तो या वर्षीच्या उन्हाबद्दल बोलला. मी हो हो म्हणालो. गाडी आली.

गेल्या माघात तो गेला. मला आठ दिवसांनी कळलं.

एसटीत तीनदा म्हणून बघितलेलं ते वाक्य मोठं नव्हतं. फाट्यावरच्या त्या अर्ध्या तासात शंभरदा म्हणता आलं असतं. ते असं होतं: हिरामण, वैशूची बॅट आली होती, माझ्या खणात होती, रबर मी लावलं होतं, आणि तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून मी हे सगळं केलं. मला माफ कर.